आमची न रडणारी मंजू

बाळ रडत नाही म्हणून कुणी पेढे वाटत नाही. आम्ही वाटले. मंजू झाली तेव्हा भेटायला येणारी प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून म्हणायची, "किती गुणाचं लेकरू!" आणि मी भिंतीला टेकून राणीसारखी हसायची. तिचे वडील तर मिलच्या ऑफिसात सांगत सुटले होते की आमची मुलगी जन्मतःच शहाणी आहे. पुढे कळलं की ते शहाणपण नव्हतं, आजार होता.

एवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे. माझ्यासारख्या उशिरा आई झालेल्या बायकांच्या, आणि वेळेवर झालेल्यांच्याही कानावर हे असावं. डॉक्टरकीतलं मला फारसं कळत नाही आणि जे कळलं ते अर्धवट आहे, म्हणून त्याच्या वाटेला जात नाही. आमच्या घरात काय झालं तेवढंच सांगते.

लेकीनं केलेलं बाळंतपण

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते. मोठी मुलगी सुनंदा कॉलेजात होती, तिला स्थळं येत होती. तिच्यानंतर दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, म्हणून आम्ही तो विषय कधीच मिटवून टाकला होता. आणि अशात मला दिवस गेले. तेही आणीबाणीच्या काळात, जेव्हा माझ्या शाळेच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा भला मोठा लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि आम्हा शिक्षिकांना घरोघर जाऊन बायकांना "आता पुरे करा" असं सांगायचं काम लावलेलं होतं. मी पदर पुढे ओढून सांगत फिरायची. एका घरी एका बाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमी आमाला सांगताय व्हय?" मी म्हटलं, "माझं दुसरंच आहे हो." ती म्हणाली, "मग बसा की, च्या घ्या."

सुनंदा पहिल्यांदा माझ्याशी बोलेनाशी झाली. मैत्रिणींना काय सांगायचं, हा तिचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. लेकीनं बाळंतपणाला आईकडे यायचं असतं. इथे उलटीच गंगा. माझी आई नव्हती, सासूबाईही नव्हत्या. शेवटी एके दिवशी ती कॉलेजातून आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि मला म्हणाली, "डिंक कुठं मिळतो? अन् लाडवात खारका किती घालायच्या?" तेव्हा मला समजलं की आता निभावेल.

बाळंतपण तिनं असं केलं की एखाद्या जुन्या सुईणीनं तोंडात बोट घालावं. "आई, पाण्यात हात घालायचा नाही. आई, वारं लागतं, कान बांध." आयुष्यभर मी तिला जे ऐकवलं ते सगळं तिनं सव्याज परत केलं. आणि मंजू तर अशी की दूध पाजायला सुद्धा उठवावं लागायचं. सुनंदा म्हणायची, "आई, मी अशी होते का?" मी म्हणायची, "तू? तू गल्ली डोक्यावर घ्यायचीस."

माग थांबले तो दिवस

आमच्या दोन खोल्या शहराच्या पूर्व भागात, आणि मागच्या भिंतीपलीकडे नरसम्माचे यंत्रमाग. नरसम्मा तेलुगू, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. सकाळी खटखट सुरू झाली की अंधार पडेपर्यंत भांडी सुद्धा फळीवर हलत असत. बाहेरचा माणूस आला की ओरडून बोलायचा. आम्हाला मात्र त्या आवाजाची इतकी सवय की तो आहे हेच विसरायला व्हायचं. आमच्या गल्लीत बाळाचं रडणं कुणी ऐकत नाही, बघतात. तोंड उघडलं, चेहरा वाकडा झाला की उचलायचं. मीही तेच करत होते. मंजूचं तोंड कधी उघडायचं, मी तिला छातीशी धरायची, ती थोडं प्यायची, दमायची आणि झोपायची. तिचा आवाज मी ऐकलेलाच नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मंजू सव्वा महिन्याची झाली असेल. एक दिवस सकाळीच वीज गेली ती दिवसभर आली नाही. माग बंद. सुनंदा मंजूला पायावर घेऊन तेल लावत होती. मंजूनं तोंड उघडलं आणि त्या शांततेत पहिल्यांदा आम्हाला ते ऐकू आलं. खरखरीत, जाड, खोल गेलेला आवाज. बिजागरी गंजलेलं दार हळूहळू उघडावं तसा.

सुनंदाचे हात थांबले. "आई, ही अशी रडती?"

मागच्या दारातून नरसम्मा आली. मागाशिवाय करमत नव्हतं म्हणून गप्पा मारायला येत होती, ती उंबऱ्यातच उभी राहिली. "बाई," ती म्हणाली, "हे आवाज बाळाचं न्हाय की. म्हाताऱ्या माणसाचं हाय."

मग आम्ही तिघींनी मंजूला नीट बघितलं. पहिल्यांदाच बघितल्यासारखं. डोळ्यांतला पिवळेपणा अजून गेला नव्हता. पाय थंडगार. पोट फुगलेलं, बेंबी बाहेर आलेली. जीभ ओठांच्या बाहेर. आणि शी तर किती दिवसांत झाली नाही ते कुणालाच आठवेना. सगळं समोर होतं, आणि आम्ही पेढे वाटून बसलो होतो.

एक शब्द

आमचे हे मंजूला घेऊन माझं बाळंतपण झालेल्या दवाखान्यात गेले. परत आल्यावर "ताकद कमी आहे म्हणाले," एवढंच सांगितलं. सुनंदाला मात्र त्यांनी खरं सांगितलेलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटताना रडत होती आणि कांदा कुठे चिरलेला नव्हता.

मी यांना समोर बसवलं. म्हटलं, "मी मुलांच्या तोंडून चोरलेल्या पेन्सिलींची कबुली काढते. तुमच्या तोंडून एवढं काढायला मला वेळ लागणार नाही."

तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, मंगोल आहे. आईचं वय जास्त असलं की होतं म्हणे. मूल शिकणार नाही, बोललं तरी थोडं बोलेल. औषध नाही."

जन्मतःच बुद्धी मंद आणि चेहरा चपटा असलेल्या मुलांना दवाखान्यात सर्रास असं म्हणतात. मला त्यातलं एकच ऐकू आलं, आईचं वय. मला खूप वाईट वाटलं आणि खूप राग आला, आणि राग कुणावर काढायचा हे न समजल्यानं मी तो आरशावर काढला. कानामागचे पांढरे केस बघत बसायची. मंद्रूपहून माझी नणंद आली, तिनं तर जखमेवर मीठच चोळलं. "देवानं दिलं म्हणून या वयात घ्यायचं असतं व्हय?" म्हणाली. मग माझ्यासाठी मऊ भात करून दिला आणि स्वतःही रडली, हेही सांगायला हवं. सुनंदाला बघायला येणार होते त्यांनी निरोप पाठवला की तूर्त राहू द्या. आमच्या घरात त्या आठवड्यात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मंजू तेवढी शांत झोपलेली असायची, आणि आता तिच्या त्या झोपेची मला भीती वाटायची.

एका सकाळी यांनी डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाले, "चल. एका माणसाचं ऐकून एवढा मोठा निकाल मी मानत नाही. मिलमध्ये एक दिवसाचा खाडा लावायचा तर दोघांना विचारतो आम्ही."

टाचेतला थेंब

मोठ्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या एक नवीन डॉक्टरबाई आल्या होत्या. तिशीच्या आतल्याच असतील. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि यांना नाही, मला विचारलं, "रडते कशी?"

मी आवाज काढून दाखवला. ओपीडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुन्हा काढा बरं." मी पुन्हा काढला. माझी लाज तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

त्यांनी मंजूचे डोळे बघितले, तळहात बघितले, जीभ बघितली, टाळूवर बोट फिरवलं, पाय हातात धरून किती थंड आहेत ते बघितलं. बराच वेळ बघितलं. हाडं वयाच्या मानानं वाढलीत का ते बघायला गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढायला लावला. तो फोटो उजेडात धरून त्या म्हणाल्या, "हे मंगोल नाही असं मला वाटतं. हिच्या गळ्यातली एक ग्रंथी काम करत नाही. थायरॉइड. ती अंगाला जागं ठेवते. ती नाही म्हणून ही जागी होत नाही."

"औषध?" यांनी विचारलं.

"आहे. गोळी आहे. जन्मभर, रोज."

मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "हे माझ्या वयामुळं झालं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आईच्या वयानं होतात त्या गोष्टी वेगळ्या. ही त्यातली नाही. विशीतल्या मुलींचीही अशी बाळं मी बघितली आहेत." मी पदर तोंडाला लावून रडले. यांनी खिशातून रुमाल काढला तो मला न देता स्वतःच वापरला.

मग त्यांनी एक नवलाची गोष्ट सांगितली. परदेशात काही ठिकाणी आता बाळ जन्मलं की पहिल्याच आठवड्यात टाचेला टोचून रक्ताचा एक थेंब टिपकागदासारख्या कागदावर घेतात म्हणे. बाळ वरून ठणठणीत दिसत असतं, पण आतलं काही बिघडलेलं असेल तर त्या थेंबातून कळतं. असे कितीतरी विकार आहेत आणि एकेकासाठी तपासण्या निघत आहेत. "आपल्याकडे अजून नाही ते," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे बाळ आजारी दिसलं की मग शोध सुरू होतो. कधी कधी वर्ष गेलेलं असतं. त्या मानानं तुम्ही लवकर आलात." मी मनात म्हटलं, वीज गेली म्हणून.

मंजूच्या टाचेतून नाही, हातातून रक्त घेतलं आणि ते मुंबईला पाठवलं. उत्तर यायला वेळ लागणार होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी थांबणार नाही. गोळी आजच सुरू करू."

"आणि मेंदू?" यांनी विचारलं. तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला नसता.

त्या खोटा धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "ते आज सांगता येणार नाही," म्हणाल्या. "गोळी लवकर सुरू झाली तर आशा चांगली. पण बोलायला लागेल, विचार करायला लागेल, तेव्हा खरं कळेल. तोवर वाट बघायची."

वॉर्डातलं "झाली की!"

काही दिवस आम्ही दवाखान्यात राहिलो. पहाटे फिनेलचा वास, मग झाडू, मग वजन, मग डॉक्टरांचा राउंड, आणि राउंडच्या आधी सिस्टरांची धावपळ, जणू शाळेत इन्स्पेक्टर येणार. शेजारच्या खाटेवर वैरागची पारू होती, तिचं पोरगं छातीच्या आजारानं आलेलं. सुनंदा दुपारी डबा आणायची, भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि पारूसाठी एक भाकरी जास्त असायची.

पहिली गोळी मी बघतच राहिले. तांदळाएवढी, आणि तीही अर्धी. सिस्टरनं ती चमच्यात कुस्करली, माझंच दूध त्यात पिळायला लावलं आणि मंजूच्या तोंडात घातली. पारू उठून बघायला आली. "एवढीशी?" ती म्हणाली. "अन् रोग केवढा थोरला. जमंल का हिला?" मला हसू आलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आलं.

चमत्कार असा काही झाला नाही. एक दोन दिवस मंजू तशीच. मग एका सकाळी मी तिचा लंगोट सोडला आणि ओरडले. सिस्टर पळत आली, तिला वाटलं काहीतरी भयंकर झालं. मी लंगोट तिच्यापुढे धरला. पारूनं अख्ख्या वॉर्डाला सांगितलं, "बाईच्या पोरीला झाली की!" खाटाखाटांवरून बायका हसायला लागल्या. एक आजी म्हणाली, "लई बरं झालं बाई." लेकरानं शी केली म्हणून एवढं कौतुक मी कुठे बघितलेलं नाही. राउंडला डॉक्टरबाई आल्या तेव्हा पारूनंच त्यांना आधी बातमी दिली. त्यांनी मंजूचे पाय हातात घेतले आणि मला म्हणाल्या, "हात लावून बघा." पाय कोमट होते.

मुंबईचं उत्तर नंतर आलं. डॉक्टरबाईंचं म्हणणं बरोबर होतं.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मंजू रडली. खरी रडली. माग चालू असताना भिंतीपलीकडे ऐकू गेलं. नरसम्माचा नवरा माग बंद करून काय झालं ते बघायला आला. मी मंजूला मांडीवर घेऊन बसले होते आणि उचलून थोपटायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "बाई, घ्या की तिला."

"रडू द्या जरा," मी म्हटलं. "मला ऐकू द्या."

राहून गेलेलं बारसं आम्ही त्यानंतर केलं. मंजिरी हे नाव सुनंदानं ठेवलं. एरवी हा मान आत्याचा, पण या वेळी तो तिचाच होता.

वाट बघणं

इथून पुढचा भाग बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून तोही सांगते. बाळ गुटगुटीत झालं, हसायला लागलं, की लोकांना वाटतं संपलं. नणंदबाई म्हणाल्या, "आता चांगली हाय की, कशाला गोळ्या घालता लेकराला?" बायांनो, हे कुणाचंही ऐकू नका. मूल बरं दिसतं ते गोळीमुळेच दिसतं. आमच्या ह्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी आंघोळ झाली की दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडत बसायचे. पूजेला कधी उशीर झाला असेल, याला नाही.

मंजू उशिरा बसली, उशिरा उभी राहिली, चाललीही सगळ्यांच्या मागून. येणारा प्रत्येक पाहुणा तिची परीक्षा घ्यायचा. नाक दाखव, कान दाखव, काऊ कुठे आहे. मंजू त्यांच्याकडे टक लावून बघायची आणि काही दाखवायची नाही. पाहुणे माझ्याकडे एक नजर टाकून विषय बदलायचे. मी स्वतः शिक्षिका. वर्गातली मागं पडणारी मुलं मी लांबून ओळखते. माझ्याच मुलीकडे मी त्या नजरेनं बघायची, आणि मग मला माझाच राग यायचा. ती हुशार नसली तर मी तिच्यावर कमी माया करणार होते का? नव्हते. तरी भीती जायची नाही. ती बोलायला लागली तेव्हाही जे शिकवू तेवढंच बोलायची. पाणी दे. आण्णा आले, म्हणजे तिचे वडील. स्वतःचं असं काही तिच्या डोक्यात चालतं का, हे मला कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरबाई एवढंच म्हणायच्या, "गोळी चालू ठेवा. बघू."

मधे सुनंदाचं लग्न झालं. सासरच्यांनी विचारलं, धाकटीला काय आहे? सुनंदानं सगळं सरळ सांगितलं आणि मंजूला उचलून होणाऱ्या सासूच्या मांडीवर ठेवलं. मंजूनं त्यांची नथ ओढली. लग्न ठरलं.

परवाची गोष्ट

आता मंजू चौथ्या वर्षात आहे. गोळी ती हातात घेऊन स्वतः चावून खाते. परवा हे लवकर ड्यूटीला गेले होते, म्हणून गोळी मी दिली. तळहातावर ठेवली आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळले. "खाल्ली?" मी विचारलं. "खाल्ली," ती म्हणाली आणि मोठा आ करून जीभ सुद्धा दाखवली.

नंतर केर काढताना चटईच्या काठाखाली गोळी सापडली.

मी तिला हाक मारली. गोळी तिच्यापुढे धरली. "मंजू, ही काय?"

तिनं गोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ती कालची," ती म्हणाली.

"कालची आण्णांनी दिली होती. माझ्यासमोर खाल्लीस तू."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळाला बारीकशी आठी पडली. तिच्या डोळ्यांमागे काहीतरी हललं, ते मला दिसलं, मी शपथेवर सांगते. कुणी न शिकवलेलं, तिचं तिनं शोधलेलं असं काहीतरी येत होतं.

"मग ती उद्याची," मंजू म्हणाली.

मी केरसुणी हातात घेऊन तिथेच खाली बसले. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करते, सगळ्या शाळेला माहीत आहे. मंजूला मी घट्ट धरलं, इतकं की ती "आई, सोड" म्हणायला लागली. गोळी तिला लगेच चारली, ती तिनं तोंड वाकडं करून खाल्ली.

हे संध्याकाळी आले. टोपी खुंटीला अडकवायच्या आधीच मी त्यांना म्हटलं, "पोरगी खोटं बोलली."

"कुणाशी?"

"माझ्याशी. तोंडावर. एक पकडलं तर दुसरं बोलली." आणि मी त्यांना काल, आज, उद्या सगळं सांगितलं.

ते टोपी हातात धरून उभेच राहिले. मग मंजू जिथे बसली होती तिथे तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत बोलायला लाव की तिला."